टीसी का तापतो? ट्रान्सफॉर्मरची रचना आणि त्याचं थंड राहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या आमच्या शेडमध्ये जळालेले टीसी, म्हणजे खांबावरचे विजेचे ट्रान्सफॉर्मर, येतात. आम्ही ते उघडतो, पुन्हा भरतो आणि परत पाठवतो. इथे विचारले जाणारे प्रश्न शेतकऱ्यांचे असतात, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांचे असतात, डिप्लोमाच्या पोरांचेही असतात. पोरांना सूत्र हवं असतं आणि शेतकऱ्याला टीसी परत कधी जळणार ते हवं असतं. थोडं खोलात गेलं की दोघांचा प्रश्न एकच निघतो.

टीसी आणि डीपी एकच का?

एकच. कागवाडहून मिरजेकडे गेलात की टीसीची डीपी होते, आणि इकडचा जीओएस (खांबावरून लाइन बंद करायचा स्विच) तिकडे एबी स्विच होतो. पेटी तीच, तेल तेच. खाली सगळीकडे टीसीच म्हटलंय, कारण हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) हद्दीत आमच्या तोंडात तोच शब्द बसलाय.

तो नेमकं करतो काय?

११,००० व्होल्टची वीज घेऊन ४३३ व्होल्टला उतरवतो. मोटरीवर ४१५ लिहिलेलं असतं, मग ४३३ का? तारेत वाटेवर थोडा दाब पडतो, त्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात. १०० केव्हीए क्षमतेच्या टीसीत ११,००० व्होल्टच्या बाजूला जेमतेम सव्वापाच अँपिअर जातात, ४३३ च्या बाजूला १३३. म्हणून आतली एक तार सुतळीहून बारीक आणि दुसरी चांगली जाड पट्टी असते. फॅरेडेने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून यातलं तत्त्व दाखवलं. बंद गाभ्याचा (गाभा म्हणजे वेटोळी ज्यावर बसतात ते लोखंड), बाजारात चालेल असा ट्रान्सफॉर्मर १८८५ मध्ये बुडापेस्टच्या तिघा इंजिनिअरांनी केला. त्यानंतर पत्रा सुधारला, तेल सुधारलं, पण मांडणी तीच राहिली.

आत फिरणारा एकही भाग नाही. मग एवढा तापतो कशाने?

दोन गोष्टींनी. पहिली लोखंडातली उष्णता. गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला ५० फेऱ्या मारतं, त्यात पत्रा तापतो. टीसीवर एकही दिवा चालू नसला तरी ही उष्णता चोवीस तास असतेच. ती कमी करण्यासाठी गाभा सबंध लोखंडाचा न करता सिलिकॉन पोलादाच्या पाव ते तीन दशांश मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांचा रचतात, प्रत्येक पत्र्यावर विद्युतरोधक थर देऊन.

दुसरी तारेतली उष्णता. ती भारानुसार बदलते, पण सरळ हिशेबाने बदलत नाही. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि घात इथेच होतो. १०० केव्हीएच्या दुसऱ्या कार्यक्षमता पातळीच्या टीसीला भारतीय मानकाने निम्म्या भारावर ४७५ वॅट आणि पूर्ण भारावर १६५० वॅट एवढ्या एकूण नुकसानीची मुभा दिली आहे. भार दुप्पट, नुकसान साडेतीनपट.

१६५० वॅट म्हणजे दीड इस्त्री. शंभर केव्हीएच्या मानाने किरकोळच, ९८ टक्क्यांहून जास्त वीज तर पलीकडे जातेच. पण दीड इस्त्री बंद पेटीत रात्रंदिवस चालू ठेवून बघा. ती उष्णता बाहेर कशी काढायची, या एका प्रश्नाभोवती टीसीची बहुतेक रचना फिरते.

टीसीचं आयुष्य किती असतं?

कागदाचं असेल तेवढं. हे ऐकून लोक हसतात, पण तांबं वितळून टीसी मेल्याचं सहसा दिसत नाही. आधी कागद मरतो, आणि तांबं वितळतं ते त्याच्या नंतरच्या स्फोटात.

तारेवर जो कागद गुंडाळलेला असतो तो लाकडाच्या लगद्यापासून केलेला क्राफ्ट कागद. तेलात भिजलेला असताना तो हजारो व्होल्ट अडवतो. त्यातलं सेल्युलोज म्हणजे लांब साखळी. नव्या कागदात तिला हजारेक कड्या असतात. उष्णतेने, पाण्याने आणि ऑक्सिजनने ती तुटत जाते आणि दोनशेवर आली की कागदात ताकद उरत नाही. विद्युतरोधन तेव्हाही बऱ्यापैकी टिकून असतं, गेलेली असते ती चिवटपणाची बाजू. मग लाइनवर कुठे शॉर्ट झाला, वेटोळ्यांना हिसका बसला की तो कागद फाटतो. कागद मोडताना त्यातून पाणी सुटतं आणि ते पाणी उरलेल्या कागदाचं मोडणं आणखी वाढवतं. म्हातारपणाने म्हातारपण वाढावं तसं.

आमच्याकडे उघडलेल्या कॉइलचा कागद मी नेहमी आधी बोटात धरून दुमडतो. चांगला कागद तेलकट, मधाच्या रंगाचा, घडी घातली तरी अख्खा राहतो. जास्त भाराने मेलेल्या टीसीतला कागद काळपट तपकिरी असतो आणि चिमटीत घेतला की उन्हात वाळलेल्या निपाणीच्या तंबाखूच्या पानासारखा चुरा होतो. वास मात्र तंबाखूचा येत नाही, करपलेल्या गुळासारखा आंबूस येतो.

आता आकडा. वेटोळ्यातली सगळ्यात गरम जागा ९८ अंशांवर राहिली तर साध्या कागदाचं वय नेहमीच्या गतीने सरतं. त्यावर दर ६ अंशांना गती दुप्पट होते. १०४ ला दुप्पट, ११० ला चौपट, १२२ ला सोळापट. म्हणजे १२२ अंशांवर काढलेली एक रात्र कागदाच्या हिशेबी सोळा रात्रींची. खालच्या बाजूलाही हाच हिशेब चालतो. सारखाच भार असलेले दोन टीसी घ्या, एक बेळगावच्या पावसाळी २५ अंशांत आणि दुसरा अथणीच्या एप्रिलमधल्या ४० अंशांत. फरक पंधरा अंशांचा, पण अथणीतला कागद साडेपाच पटीहून जास्त वेगाने झिजतो.

मग तेल कशासाठी? विजेसाठी की थंडाव्यासाठी?

दोन्हींसाठी, आणि म्हणूनच दुसरा पर्याय सापडणं अवघड गेलं. तेल कागदात मुरून वीज अडवतं, आणि वेटोळ्यांतली उष्णता उचलून बाहेरच्या पत्र्यापर्यंत नेतं. गरम तेल हलकं होऊन वर चढतं, वरच्या तोंडाने रेडिएटरमध्ये (टाकीबाहेरच्या पोकळ पाकळ्यांमध्ये) शिरतं, हवेला उष्णता देत खाली उतरतं आणि तळातून पुन्हा आत येतं. पंप नाही, वीज नाही, चक्र आपोआप फिरत राहतं.

या चक्राची एक अट असते आणि ती बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. तेलाची पातळी रेडिएटरच्या वरच्या तोंडाच्या वर असली पाहिजे. संकेश्वरकडच्या एका मळ्यात टीसी फार तापतो म्हणून आम्हाला नेलं होतं. खालूनच तापमानाची बंदूक लावली. टाकीचा वरचा भाग ९० च्या पुढे, रेडिएटरच्या पाकळ्या मात्र हवेपेक्षा जेमतेम चार अंश जास्त. एवढ्यावरून कळलं. बुशिंगखालच्या (तार टाकीत शिरते तिथल्या विद्युतरोधकाखालच्या) गॅस्केटमधून महिनोन्‌महिने तेल पाझरत होतं आणि पातळी तोंडाच्या दोन बोटं खाली आलेली. आत उकळी फुटायची वेळ, आणि रेडिएटर नुसते शोभेचे. लाइन बंद करून तेल भरलं, गॅस्केट बदललं, आणि संध्याकाळपर्यंत पाकळ्या व्यवस्थित गरम झाल्या. रेडिएटर गरम असणं ही चांगली खूण आहे हे मळेवाल्या अण्णांना पटवायला मात्र दोन चहा लागले.

रेडिएटर किती लावायचे हे कसं ठरवतात?

डिप्लोमाच्या पोरांसाठी सोपा हिशेब देतो. साध्या उभ्या पत्र्याचा एक चौरस मीटर, हवेपेक्षा दर अंश जास्त तापमानाला, साधारण साडेबारा वॅट उष्णता सोडतो. त्यातले सुमारे ६ वॅट किरणांनी आणि साडेसहा वॅट हवेच्या अभिसरणाने. पत्रा हवेपेक्षा ३५ अंश गरम चालेल असं धरलं तर १२.५ × ३५ म्हणजे दर चौरस मीटरला ४३७ वॅट. आपल्या १६५० वॅटना पावणेचार चौरस मीटर पत्रा लागेल. टाकीच्या चारही बाजू मिळून अडीच-पावणेतीन चौरस मीटरच भरतात. उरलेला पत्रा पाकळ्यांच्या किंवा नळ्यांच्या रूपाने बाहेर काढायचा.

खऱ्या डिझाइनमध्ये यापेक्षा जास्त घ्यावा लागतो. ३५ अंश ही वरच्या तेलाची मर्यादा असते, खालचं तेल त्याहून थंड असतं, म्हणजे सगळा पत्रा काही ३५ ने गरम नसतो. शिवाय पाकळ्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. एकीने सोडलेली किरणं दुसरी झेलते, त्यामुळे दाटीने लावलेल्या पाकळ्यांत किरणांचा फायदा बराचसा बुडतो आणि हवेवरच भिस्त राहते. हवा अडली की संपलं. म्हणून टीसीच्या खांबावर चढलेली वेल, पाकळ्यांत अडकलेला पाला, साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडून बसलेली बगॅसची (उसाच्या चिपाडांची) राख या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी अंश-अंशाने तापमान वाढवतात. चारी बाजूंनी दहा-बारा फूट ऊस उभा असेल तर वाराच पोहोचत नाही. टीसीखाली चार-पाच पावलं मोकळी सोडा, आणि त्या जागेजवळ उसाचा पाला पेटवू तर नकाच. या तेलाच्या वाफा साधारण १४० अंशांना पेट घेतात.

सबस्टेशनच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला पंखे का असतात? आपल्या टीसीला का नाहीत?

आकार वाढला की पत्रा पुरत नाही. समजा एखाद्या ट्रान्सफॉर्मरची लांबी, रुंदी, उंची सगळी दुप्पट केली, आणि पत्र्यातलं चुंबकत्व व तारेतली करंटची दाटी तीच ठेवली. मग क्षमता सोळापट होते, लोखंड-तांबं आठपट आणि त्यात निपजणारी उष्णताही आठपट. बाहेरचा पत्रा मात्र चौपटच. प्रत्येक चौरस फुटाला दुप्पट उष्णता सोडायची पाळी येते. म्हणून २५ केव्हीएच्या टीसीचं साध्या नळ्यांवर भागतं, आणि ११० केव्ही (१,१०,००० व्होल्ट) सबस्टेशनातल्या ट्रान्सफॉर्मरला रेडिएटरची रांगच्या रांग लागते, तिच्यावर पंखे लागतात.

(११० केव्ही ही उत्तर कर्नाटकाची खूण. दक्षिणेकडे म्हैसूरच्या बाजूला त्या जागी ६६ केव्हीची जाळी भेटते.)

थंड करण्याच्या पद्धती चार अक्षरांत लिहितात. पहिलं अक्षर आतल्या द्रवाचं, दुसरं तो कसा फिरतो त्याचं, तिसरं बाहेर हवा की पाणी त्याचं, चौथं ते आपोआप की जोर लावून त्याचं. आपला टीसी ओनान (ONAN): तेल आपोआप, हवा आपोआप. पंखे आले की ओनाफ (ONAF). तेलाला पंप लावला की ओफाफ (OFAF). पंपाचं तेल नुसतं टाकीत न सोडता थेट वेटोळ्यांच्या फटींत घातलं तर दुसऱ्या अक्षराच्या जागी डी येतो. आपल्याकडच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर बहुधा तीन क्षमता दिसतात: पंखे-पंप बंद असताना ६० टक्के, पंख्यांवर ८०, दोन्हींवर पूर्ण १००. यंत्र तेच, पण त्याला जितकी हवा द्याल तितकं ते काम करतं.

पंपाने तेल कितीही जोरात फिरवावं असंही नाही. तेल फार वेगाने कागदावरून घासलं तर घर्षणाने वीजभार साठतो आणि आतच ठिणगी पडू शकते. थंड करायला गेलो आणि जाळून बसलो, असंही होतं.

पंखे सारखे चालू का ठेवत नाहीत?

गरज नसते म्हणून. कधी चालू करायचे ते वेटोळ्याच्या तापमानाचा काटा ठरवतो. गंमत अशी की त्या काट्याचा थर्मामीटर वेटोळ्याला शिवतच नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात. तो वरच्या तेलात बुडवलेला असतो आणि त्याच्याभोवती एक छोटा हीटर असतो. ट्रान्सफॉर्मरचा करंट वाढला की हीटरमधला करंट त्या प्रमाणात वाढतो, आणि काटा "तेल अधिक वेटोळं" असं एकत्र दाखवतो. अंदाजच, पण हुशार अंदाज.

६३ केव्हीएच्या टीसीवर दहा एचपीच्या किती मोटरी चालतात?

हा आमच्याकडचा एक नंबरचा प्रश्न.

दहा एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट, पण ते मोटरीच्या दांड्यावर. मोटरीची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर (मागितलेल्या केव्हीएतला खरोखर कामी येणारा वाटा) ०.८ धरला तर ती टीसीकडून ११ केव्हीए मागते. पाच मोटरी ५५, सहा मोटरी ६६. म्हणजे पाच आरामात, सहावी ओढाताण. सात लावल्या तर ७७, सव्वापटीच्या जवळ भार. तारेतली उष्णता मात्र दीडपट, कारण ती वर्गाने वाढते.

हा झाला कागदावरचा हिशेब. कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे कागदावर सगळ्या मोटरी दहाच्याच असतात. विहिरीत उतरलं की साडेबारा आणि पंधराच्याही भेटतात. टीसीला कागद दिसत नाही, त्याला अँपिअर दिसतात.

त्यात ऑटो. थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. पहाटे लाइन येते त्या सेकंदाला सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि प्रत्येक मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. दाब पडतो, मोटरी लवकर वेग घेत नाहीत, करंट खाली यायला वेळ लागतो. टीसीवरच्या सगळ्यांनी ठरवून आपापल्या ऑटोला वेगवेगळा वेळ लावला, एकाने दहा सेकंद, दुसऱ्याने वीस, तिसऱ्याने तीस, तर यातला बराच त्रास फुकटात जातो. दुसरा स्वस्त उपाय मोटरीच्या कपॅसिटरचा. पॉवर फॅक्टर ०.९५ वर गेला की तीच मोटर ११ ऐवजी सव्वानऊ केव्हीएच मागते, आणि ६३ वर सहावी मोटरही मावते. मळ्यात हा कपॅसिटर बहुतेक ठिकाणी बसवलेला दिसतो, आणि त्याची वायर सोडून ठेवलेलीही दिसते.

थोडा वेळ जास्त भार टाकला तर लगेच जळतो का?

नाही. तेल आळशी असतं, त्याचं तापमान चढायला दोन-तीन तास लागतात. वेटोळं मात्र काही मिनिटांत तापतं. थंड टीसीवर तासभर जादा भार पडला तर तो सोसतो. सात तासांची पाळी भरून, तेल आधीच तापलेलं असताना आठवी मोटर चालू केली तर मात्र तो एक तास महागात जातो.

टू फेजवर कंडेन्सर (कपॅसिटर) लावून मोटर चालवतो. टीसीला काय होतं?

एका-दोन फेजवर सगळा भार येतो, तिसरी मोकळी बसते. एकूण केव्हीए बघितलं तर टीसी अर्धाच भरलेला वाटेल, पण त्या फेजचं वेटोळं भाजत असतं आणि न्यूट्रलमधूनही करंट वाहतो. जळालेला टीसी उघडल्यावर दोन कॉइली चांगल्या आणि एकच काळी निघाली, की आम्ही टीसीच्या मालकाकडे न बघता शेजारच्या विहिरींकडे बघतो.

फ्यूज सारखा जातो म्हणून जाड तार टाकली. चाललं ना?

मोटरी चालल्या. फ्यूजचं काम आता टीसी करेल.

उन्हाळ्यात टीसीवर पाणी मारू का? भिजलेलं गोणपाट टाकू का?

अजिबात नको. वर ११ केव्हीची बुशिंगं उघडी असतात, पाण्याची धार म्हणजे तारच. गोणपाट टाकायला चढावं लागतं, आणि चढणारा परत खाली उतरेलच असं नाही. हात लावून "चटका बसतोय का" हेही बघू नका. ४० अंश हवेत पूर्ण भाराचा निरोगी टीसीही ७५ अंशांपर्यंत जातो, म्हणजे चटका बसणारच, आणि अर्थिंग खराब असेल तर चटक्यावर भागणार नाही. त्याला थंड करायचा तुमच्या हातातला मार्ग एकच: एक-दोन मोटरी बंद करा.

खानापूरकडे उन्हाळा सौम्य असतो. तिथे टीसी का जळतात?

पाण्याने. वीजही कडाडते, झाडाच्या फांद्याही पडतात, पण आमच्या प्रश्नाशी संबंध पाण्याचा.

तापलं की तेल फुगतं. २०० लिटर तेल ४० अंशांनी तापलं तर सहाएक लिटरने वाढतं. ती जागा वरच्या आडव्या ड्रममध्ये ठेवलेली असते. तेल फुगताना हवा बाहेर जाते, निवताना हवा आत येते. टीसी श्वास घेतो म्हणतात तो हाच. कणकुंबीच्या जुलैत तो श्वास ओलाच असणार, म्हणून नळीच्या तोंडाशी सिलिका जेलची डबी असते. जुन्या पद्धतीचं जेल कोरडं असताना निळं आणि ओल प्यायल्यावर गुलाबी होतं. आता नारिंगी रंगाचंही मिळतं. गुलाबी झालेलं जेल तापवलं की पुन्हा निळं होतं, पण ते घरच्या तव्यावर करू नका. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. डबीच्या तळाला छोट्या कपात तेल असतं, हवा त्यातून बुडबुडत यावी म्हणून. तो कप कोरडा पडला की जेल आठवड्यात गुलाबी.

लहान टीसींना हा ड्रम नसतोच. त्यांच्या टाकीतच वर जागा सोडलेली असते, किंवा टाकी पूर्ण बंद असते आणि तिच्या पन्हाळी पाकळ्याच फुगतात-आक्रसतात.

पाण्याचं गणित मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. एका जुलैत गाडी थांबली होती म्हणून घाईत, झाकण तासभर उघडं राहिलेला टीसी बंद करून पाठवायला निघालो. वडिलांनी तेल तपासायला लावलं. चाचणीत दोन गोळ्यांमध्ये अडीच मिलिमीटर अंतर ठेवून दाब वाढवत नेतात. चांगलं तेल ३० केव्हीच्या वर टिकतं. आमचं अठरावरच चटकलं. तेल स्वच्छ दिसत होतं, वास चांगला होता, पाणी डोळ्यांना दिसत नव्हतं. गाडी रिकामी गेली.

दुरुस्त होऊन आलेला टीसी वर्षाच्या आत परत जळतो. असं का?

आमच्या धंद्याबद्दलचा प्रश्न आहे, तरी सांगतो. कारणं चार, आणि त्यातली तीन घाईची. वेटोळी भट्टीत पुरेशी वाळवलेली नसतात. थरांमध्ये तेल फिरायला प्रेसबोर्डच्या (दाबलेल्या पुठ्ठ्याच्या) पट्ट्यांनी जी फट ठेवायची, ती जागा वाचवायला बुजवलेली असते, मग आतल्या थराची उष्णता बाहेर येतच नाही. गाभ्याचे पत्रे काढून परत रचताना वाकलेले, सांध्यांत फट राहिलेले असतात, त्याने लोखंडातलं नुकसान वाढतं. चौथं कारण घाईचं नाही, हिशेबाचं आहे: मूळ तारेपेक्षा बारीक तार. एका ठिकाणाहून आमच्याकडे आलेल्या, दोनदा भरलेल्या टीसीत तारेचा छेद मूळच्या निम्म्याला थोडा वरच भरला. पाटीवर ६३ होतं, आत ४० चा माल होता. आणि जळण्याचं मूळ कारण, म्हणजे सातवी मोटर, तशीच राहिली तर उत्तम भरलेला टीसीही तेच भोगतो.

तांब्याचा चांगला की अॅल्युमिनियमचा?

अॅल्युमिनियम तांब्याच्या ६१ टक्के वीज वाहतं. छेद त्या प्रमाणात वाढवला तर चालायला काही अडचण नाही, फक्त टीसी आकाराने मोठा होतो. जोडणीच्या जागा नीट कराव्या लागतात. एक फायदा कुणी पत्रकात लिहीत नाही: रात्रीतून तांबं चोरायला येणारे अॅल्युमिनियमच्या टीसीला सहसा हात लावत नाहीत.

फौंड्रीतला ट्रान्सफॉर्मर निम्म्या भारावरही तापतो. मीटर खोटा आहे का?

मीटर खरा असू शकतो. इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) करंट सरळ लाटेसारखा न घेता तुकड्यांत ओढतो. त्यात ५० च्या पाचपट, सातपट वारंवारतेचे करंट मिसळलेले असतात. वेटोळ्यातले भोवरे-करंट (तारेच्या आतच गोल फिरणारे) वारंवारतेच्या वर्गाने तापवतात, म्हणून थोडे जरी असले तरी जाणवतात. असा ट्रान्सफॉर्मर मागवतानाच फर्नेसचं काम आहे हे सांगावं लागतं. नुसता मोठा केव्हीए घेऊन प्रश्न अर्धाच सुटतो. शिवाय उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या फौंड्रीतली वाळूची धूळ पाकळ्यांवर थरच्या थर बसते. महिन्यातून एकदा, लाइन बंद करून, हवेने झाडा.

बेळगाव उंचावर आहे. विरळ हवेचा परिणाम होतो का?

मानकं १००० मीटरपर्यंतची उंची धरूनच लिहिलेली आहेत. बेळगाव साधारण साडेसातशेवर. चिंता नको.

राखाडी रंगच का? चांदीचा रंग लावला तर ऊन परतेल की.

ऊन परतेल, पण आतली उष्णताही अडेल. साधा ऑइल पेंट, मग तो कुठल्याही रंगाचा असो, उष्णतेची किरणं भरपूर सोडतो. अॅल्युमिनियमचा चमकदार रंग मात्र कमी सोडतो. रात्री ऊन नसतं, भार मात्र असतो.

टीसी गुणगुणतो, हे वाईट लक्षण आहे का?

सारखी गुणगुण ठीक. चुंबकत्वाने पत्रे एका फेरीत दोनदा ताणले-आक्रसतात, म्हणून तो आवाज १०० हर्ट्झचा असतो. तडतड, किंवा आतून गुळगुळ असा बुडबुड्यांचा आवाज आला तर लांब व्हा आणि हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला कळवा.

शेजारच्या सबस्टेशनात ऐकलं, आता वनस्पती तेलाचे ट्रान्सफॉर्मर येतात. खरं आहे?

खरं आहे. एस्टर म्हणतात त्याला. सोयाबीनसारख्या तेलांपासूनही करतात. ते ३०० अंशांच्या वर पेटतं, सांडलं तर जमिनीत कुजून जातं, आणि कागदातलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं, त्यामुळे कागद जास्त टिकतो. दाट असल्याने फिरतं मात्र सावकाश, म्हणून फटी आणि रेडिएटर त्या हिशेबाने द्यावे लागतात. जुन्या टीसीत डोळे झाकून ओतायची ही गोष्ट नव्हे. दवाखाने आणि मोठ्या इमारतींत तेलाविनाचे, राळेत ओतलेले कोरडे ट्रान्सफॉर्मरही असतात.

टीसीचं तेल गुडघ्याला लावलं की दुखणं थांबतं म्हणतात.

आमच्या शेडमध्ये बाटली घेऊन आलेल्या मावश्या मोजल्या तर एक टीसी भरेल. मावशी, ते खनिज तेल आहे, औषध नाही. त्यात जळक्या कागदाचं आम्ल असतं, जुन्या टीसीत आणखी काय काय असेल सांगवत नाही. तेल गरम होऊन वर चढतं तसं दुखणं वर चढून निघून जात नाही. बाटली रिकामी नेल्याचा राग मानू नका, चहा घेऊन जा.

टीसी जळाला म्हणून कळवताना काय सांगायचं?

टीसीचा नंबर, पाटीवरचा केव्हीए, त्यावर खरोखर चालणाऱ्या मोटरींची संख्या आणि एचपी, आवाज झाला की नुसताच बंद पडला, तेल सांडलंय का, आणि कितव्यांदा जळतोय. मोटरींचा आकडा सांगताना सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आम्ही तो आकडा विचारत नाही, कॉइलच्या रंगावरून काढतो.